धुऱ्याबाचं मयत

उकडलेल्या तुरीच्या शेंगा खायला बसलं की दाणे कधी पोटात गेले ते कळत नाही, पण समोर टरफलांचा ढीग होऊन बसतो. या तीन पोट्ट्यांपायी माझ्या घरात किश्शांचं तसंच झालं आहे. खाल्लं त्यांनी, ढीग माझ्यासमोर. मला लिहिता येत नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. लिहिताना ती माझं बोलणं जरा विंचरते. जे जसंच्या तसं राहिलं, ते मी दम देऊन ठेवायला लावलं.

*

पहिला धक्का बसला तो चहाच्या वेळी.

अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर. समोरच्या खोलीत माझी नात प्रज्ञा, शेजारच्या शांताबाईचा नातू गौरव आणि गादीवाल्यांचा इरफान, असे तिघं जेवल्यापासून बसलेले. तिघांचंही कॉलेज संपलेलं. मी ट्रे घेऊन दारात आले, तर प्रज्ञा अगदी मेथी निवडत असल्यासारखी शांतपणे सांगत होती, “देव सकाळी मेलेला सापडला पाह्यजे. अंगावर जखम नको. जखम दिसली का लोक कुऱ्हाड शोधत बसतात.”

“जहर?” इरफाननं विचारलं.

“देवाले जहर चढते का बे?” गौरव म्हणाला.

“किती देतं त्याच्यावर हाय,” प्रज्ञा म्हणाली.

माझ्या हातातला ट्रे सुटला. सगळे कप फुटले. माझी नात, जिला झुरळ मारता येत नाही, ती देवाला जहर किती द्यायचं यावर बसली होती! आणि माझ्याकडे वळून म्हणते काय, “आजी, चप्पल घालून ये. काचा हायत.”

मग तिघांनी मिळून मला समजावलं. हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी शिपाई, कोणी चोर, कोणी मंतर मारणारी बाई. दार उघडलं का, खोटं पचलं का, हे फासा टाकून ठरतं. त्या फाशालाही वीस बाजू. प्रज्ञाच्या गोष्टीत एका मुलखाचा देव मेला आहे आणि तो कसा मेला याचा तपास खेळणाऱ्यांनी करायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण अमरावतीत एक कॅफे आहे, तिथे लोक कॉफी पितात आणि असले खेळ खेळतात. तिथल्या मालकिणीनं प्रज्ञाला एक रविवार दिला होता. चार अनोळखी लोकांना खेळवून दाखव, जमलं तर दर रविवार तुझा, पगारासकट. आणि नाही जमलं, तर पुण्याच्या मामानं फोनवर बोलायची नोकरी आणि राहायला खोली, दोन्ही बघून ठेवलेलं. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या सुनीलनं, सांगून टाकलं होतं, “रविवारी जमलं तं जमलं. नाही तं सोमवारी बॅग भर.”

म्हणजे माझी नात माझ्याजवळ राहते की पुण्याला जाते, हे एका देवाच्या मरणावर आलं होतं. सत्तरी ओलांडली माझी, पण असं काही कोणाच्या नातीबद्दल ऐकलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी भांडण लागलं. देव मारायचा ठरला, पण कोणाचा?

इरफाननं आधीच दोन्ही हात वर केले. “आमच्याकडचं नावही काढू नका. अब्बा मले गादीत शिवून टाकतील.”

गौरव कुणब्याचा पोरगा, त्याच्या घरी देवांची काही कमी नाही. तो म्हणाला, “आमचे लय हायत, पण त्यातला एकही देता येत नाही. आजीले सगळ्याईची नावं पाठ हायत. एक कमी भरला का ती मलेच धरन.”

मग दोघंही प्रज्ञाकडे पाहायला लागले.

“माह्याकडं काय पाहता?” ती म्हणाली. “आमचे छप्पन सालीच गेले.”

ते खरंच आहे. माझ्या मायबापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर पडले, ते परत आले नाहीत. मी हात जोडते ते बुद्धापुढे, तेही काही मागायला नाही.

 कोणाच्याच घरचा देव मारता येईना. तेवढ्यात इरफाननं माझ्याकडे बोट केलं. “आजी बनवून देईल नं एक. कोनाचाच नसलेला.”

मी म्हटलं, “काय बोलून राह्यला रे? ज्या घरातून देव गेले, त्या घरात मी नवा बनवू?”

“मारासाठीच तं बनवाचा हाय, आजी,” गौरव म्हणाला, जणू त्यानं सगळं सोपं होणार होतं.

*

आणि मी बनवला. कसा बनवला ते मलाच सांगता येत नाही. एका बाजूला लसूण सोलत होते आणि तोंडातून देव निघत होता.

दोन वावरांच्या मधे जो मातीचा बांध असतो, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. वऱ्हाडात भाऊ भाऊ कशावरून तुटतात तर धुऱ्यावरून. म्हणून म्हटलं, आपला देव धुऱ्यावर बसणारा. नाव धुऱ्याबा. तो या वावरातलाही नाही आणि त्या वावरातलाही नाही. त्याला एकच कान आहे. सकाळी तो कान इकडे करून इकडच्याचं ऐकतो, संध्याकाळी तिकडे करून तिकडच्याचं. दोघांचं एकदम ऐकायला गेला की त्याचं डोकं दुखतं. नारळ त्याला चालत नाही, दात नाहीत. भाकर चालते, पण कुस्करून. कोणी रात्रीतून धुरा सरकवला की तो काही शाप देत नाही. फक्त त्या माणसाचे बैल खाली बसतात आणि धुरा मागे घेईपर्यंत उठत नाहीत.

पोरं लिहायची थांबली. इरफान म्हणाला, “हा तं आमच्या मोठ्या अब्बूवानी हाय. त्याईलेही एकाच कानानं ऐकू येते.”

प्रज्ञानं त्याचं चित्र काढलं. मी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “गुडघे चुकले. इतके वर्ष उकिडवा बसलेला हाय थो. गुडघे असे ऱ्हाते का?”

तिनं खोडलं, पुन्हा काढलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हणताना मलाच धस्स झालं. बाई, तू त्याला पाहिलं आहेस का कुठे?

*

शांताबाईला हे कळायला एक दिवस लागला. ती माझी भिंतीपलीकडची शेजारीण, जन्मात एक संकष्टी न सोडलेली. ती आली तेव्हा पोरं मयताच्या जागेचा नकाशा काढत होती. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेते.

ती नकाशापाशी बसली. डोळे मोठे करून सगळं ऐकलं. मग कपाळाला हात लावून म्हणाली, “अन् सुतक कोनाले?”

तिनं नकाशावर बोट ठेवलं.

“देव मेला म्हनता नं? मंग त्याचं सुतक कोनी तरी धराव लागन. त्याचं कोन हाय? बायको? भाऊ? पोट्टे? का तसाच ठेवला बेवारशी?”

इरफान हळूच म्हणाला की त्यांच्यातही मयताच्या घरी चूल पेटत नाही, नातेवाईक जेवण पाठवतात.

“पाहा,” शांताबाई म्हणाली, “या पोराले समजते. मयताच्या घरी शेजाऱ्यानं पिठलं-भाकर न्याव लागते. तुमच्या देवाच्या घरी कोनी नेली?”

प्रज्ञानं पेन उचललं. गावात कोणी कोणाकडे भाकर नेली यावरून देवाचं कोण होतं ते कळेल, असं काहीतरी ती भराभर लिहायला लागली. शांताबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला.

“अन् तू वं सुभद्रे? देव तुवा बनवला. थो मेला, अन् तू खुशाल चहा पिऊन राह्यली?”

मी कप खाली ठेवला. खरं सांगते, उरलेला चहा मला गेला नाही.

*

गुरुवारी मी सांगून टाकलं, धुऱ्याबाला मारायचं नाही.

 मी म्हटलं, आजारी पाडा. दवाखान्यात टाका. हरवला म्हणून सांगा. नाही तर दुसरा कोणता मारा, मी आत्ता बनवून देते, वाईट चालीचा.

“आजी, टाइम नाही हो,” गौरव रडवेला झाला. “सगळं त्याच्यावरच लिहिलं हाय.”

त्यांनी लिहिलेलं मला तेव्हाच समजलं. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचे दोन शेतकरी, जन्माचे वैरी. त्यांनी देवाला मारण्यापुरती एकी केली. सकाळी एकानं कानात बोलायचं, संध्याकाळी दुसऱ्यानं, हे दोघांनाही पुरे झालं होतं. दोघांनी एकाच वेळी दोन्हीकडून बोलायला सुरुवात केली आणि थांबलेच नाहीत. डोकं दुखून दुखून तो गेला. म्हणून अंगावर जखम नाही.

 डोकं दुखतं हे मीच सांगितलं होतं. मी सांगितलेल्याच गोष्टीनं त्यांनी त्याला मारला!

मी म्हटलं, “झोपेत जाऊ द्या नं त्याले.”

इरफान म्हणाला, “आजी, झोपेत गेला तं तपास कायचा करतीन लोकं?”

 प्रज्ञा नकाशावरची धूळ पुसत होती, नसलेली. मान वर न करता म्हणाली, “मामाचा फोन आलता. खोलीत पंखा बसवला म्हने.”

घरात ही एकच नात. तिची आई त्या आठवड्यात मोर्शीला माहेरी गेलेली, बाप दिवसभर ऑफिसात. ती सोमवारी गेली तर या खोलीत मी आणि वीस बाजूंचा फासा.

“मारा मंग,” मी म्हटलं. “पन उपाशी मारू नका. आदल्या दिवशी जेवला होता असं लिहा.”

ते त्यांनी लिहिलं.

*

रविवारी सकाळी एसटीनं अमरावतीला निघालो. मीही बरोबर. प्रज्ञानं ठरवलं होतं की खेळात गावातली एक म्हातारी लागते, जिला तपासवाले प्रश्न विचारतील, आणि ती म्हातारी मी व्हायचं. मला सांगून ठेवलेलं, “तू फक्त म्हनाचं, मी सकाळी धुऱ्यावर गेलती, थो पडला होता. बाकी काही बोलू नको.”

गाडीत जागा मागे-पुढे मिळाली. पोरं तीन बाकांवरून एकमेकांशी बोलत होती.

“मुडदा पाठीवर का पोटावर?”

“कुशीवर. कान मातीत पाह्यजे.”

“दोघंही पहिले नाहीच म्हनतीन. मंग एकाले फोडाचं.”

“अन् म्हातारी?”

“म्हातारी आपल्याच बाजूची हाय.”

माझ्या शेजारी पांढरा शर्ट घातलेला एक सज्जन माणूस होता. मांडीवर संत्र्यांची पिशवी. तो बराच वेळ समोर पाहत होता. मग माझ्याकडे झुकला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, “मावशी, हे पोट्टे कोनाले मारून राह्यले?”

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, “देवाले. पन मेला थो. आता तपास हाय.”

मूर्तिजापूर आलं आणि तो उतरून गेला. तिकीट त्याचं बडनेऱ्याचं होतं, माझ्यासमोर काढलेलं. संत्र्यांची पिशवीही सीटवरच राहिली.

*

कॅफेत गार होतं आणि खुर्च्या उंच होत्या. मालकीण म्हणजे केस कापलेली, प्रज्ञाहून थोडीच मोठी पोरगी. ती काउंटरवर हात ठेवून उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही. खेळायला चार जण. त्यातला एक बँकेतला, टक्कल पडलेला, आणि एक बारीक आवाजाची कॉलेजची पोरगी. बाकीचे दोघं नवरा-बायको, ते एकमेकांनाच विचारून फासे टाकत होते.

प्रज्ञा गोष्ट सांगायला लागली आणि मी पाहतच राहिले. ही पोरगी घरी भाजीवाल्याशीही नीट बोलत नाही. इथे तिनं धुरा उभा केला, कापूस उभा केला, बसलेले बैल उभे केले. धुऱ्याबाला तिनं कुशीवर आडवा केला तेव्हा बँकवाल्यानं कॉफीचा कप बाजूला सारला.

मग माझी पाळी आली. बँकवाला माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “आजी, देवाले शेवटचं कोनी पाह्यलं?”

मला एवढंच म्हणायचं होतं की मी सकाळी गेले, तो पडलेला होता. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

“मी पाह्यलं,” मी म्हटलं. “मी लहान होती. माह्या मायनं त्याले देवाच्या टोपलीतून काढलं, धुतलेल्या फडक्यात बांधलं. संग अर्धी भाकर बांधली. मी तिचं लुगडं धरून नदीवर गेलती. थे कंबरभर पान्यात उतरली. रडली नाही. म्हने, जाय बापा आता. आमचं आमी पाहून घेतो. अन् सोडून देलं.”

 हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सुनीलला नाही, प्रज्ञाला तर नाहीच. प्रज्ञाचं तोंड पांढरं पडलं होतं. गौरवनं डोळे मिटले. काउंटरवरची मालकीण सरळ उभी राहिली.

बँकवाल्यानं विचारलं, “म्हनजे देव मेलाच नाही?”

“मले काय मालूम?” मी म्हटलं. “पान्यात गेला एवढं पाह्यलं.”

झालं. त्यांनी आठवडाभर रचलेला खून मी एका दमात बुडवला. मला मामाच्या खोलीतला पंखा फिरताना दिसायला लागला. मी प्रज्ञाकडे पाहायचं टाळलं.

तेवढ्यात ती बारीक आवाजाची पोरगी म्हणाली, “एक मिनिट. देव जर तवाच नदीत गेला, तर मग धुऱ्यावर हे कोन पडलं हाय?”

इरफानच्या हातातून फासे सांडले. बँकवाला उठून उभा राहिला. नवरा-बायको पहिल्यांदाच एकमेकांशी भांडले. इतके वर्ष लोक भाकर कुस्करून कोणाला चारत होते? बैल कोणी बसवले? तो कान कोणाचा होता? सगळे एकदम बोलायला लागले. प्रज्ञानं लिहून आणलेले सगळे कागद पालथे घातले आणि त्या पोरीला म्हणाली, “जाऊन पाह्य.”

दुपार टळली तरी कोणी उठेना. मालकिणीनं दोनदा दिवे बंद करून लावले. शेवटी ती टेबलापाशी आली आणि प्रज्ञाला म्हणाली, “दर रविवारी ये.” 

परतीच्या गाडीत प्रज्ञा माझ्या शेजारी बसली. बडनेरा गेल्यावर तिनं विचारलं, “आजी, भाकर काहून बांधली होती?”

मी म्हटलं, “संत्रं खाय.”

*

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सुनील टीव्हीसमोर बसला होता. पाठीमागे कपाटावरची मोठी बॅग त्यानं खाली काढून ठेवलेली, पुसून.  आम्ही चपला काढतो न काढतो तोच प्रज्ञा म्हणाली, “मी खिचडी टाकते,” आणि स्वयंपाकघराकडे वळली.

“गॅस पेटवू नको वं पोरी.”

दारात शांताबाई उभी होती. गौरवनं तिला गाडीतून फोन केला असणार. तिच्या हातात टोपलं होतं आणि वरून कपडा. डोक्यावर पदर. ती आत आली, टोपलं माझ्यासमोर ठेवलं आणि कपडा काढला. पिठलं आणि भाकरी, अजून वाफ निघत होती.

सुनील ताडकन उठला. त्यानं टीव्ही बंद केला. “काकू, कोन गेलं?”

“तुमच्या घरचा देव,” शांताबाई म्हणाली.

सुनील या घरात जन्मला, वाढला, या घराच्या भिंतीवर देवाचा खिळाही त्यानं कधी पाहिला नाही. तो शांताबाईकडे पाहत राहिला. मग प्रज्ञाकडे. मग माझ्याकडे. मी पदरानं डोळे पुसत होते, आणि मला थांबता येत नव्हतं.

तो मोरीवर गेला, हातपाय धुतले, येऊन खाली बसला. भाकर मोडली. घास हातातच धरून त्यानं विचारलं, “केव्हा?”

“पहिले खाऊन घे,” शांताबाई म्हणाली.